व्यक्तिचित्र शिकायचे असेल तर आधी झटपट रेखाटन: नवोदितांसाठी मार्गदर्शन

प्रदर्शनात आपण पाहतो ते पूर्ण झालेले व्यक्तिचित्र. चित्रकाराने सुरुवात कोठून केली, आधी काय ठरवले, कोणती रेषा बदलली आणि कशाकडे जाणूनबुजून दुर्लक्ष केले, हे सारे तोवर रंगाच्या थरांखाली गेलेले असते. त्याच चित्रकाराची स्केचबुक हाती आली, तर दोन-तीन मिनिटांत काढलेल्या पेन्सिलीच्या रेखाटनांत हे निर्णय उघडे दिसतात. म्हणून व्यक्तिचित्रण शिकू पाहणाऱ्याने तैलरंग किंवा जलरंग हाती घेण्याआधी काही महिने झटपट रेखाटनांवर घालवावेत, असे माझे ठाम मत आहे. माणसाचे साम्य डोळे, नाक आणि ओठ यांच्या तपशिलात असते हा समज या सरावात लवकर मोडतो. डोक्याचा घाट, मानेचा कल आणि अवयवांमधली अंतरे जुळली की ओळख पटते आणि ती चुकली की कितीही सुबक काढलेला डोळा चित्र वाचवू शकत नाही.

महाराष्ट्रात एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा दिलेले असंख्य लोक आहेत. वस्तुचित्र आणि स्मरणचित्र यांमुळे त्यांचा हात बऱ्यापैकी तयार असतो, पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा काढायची वेळ आली की तेही अडखळतात, कारण तांब्या किंवा पुस्तक काढताना आधी मोठा आकार बसवणारा हात चेहऱ्यापाशी येताच थेट डोळ्याच्या बाहुलीपासून सुरुवात करतो. पुढे दिलेल्या पायऱ्या ही सवय मोडण्यासाठी आहेत.

साहित्य

२बी आणि ४बी अशा दोन पेन्सिली आणि हातात सहज मावेल अशी, साधारण ए-५ आकाराची कार्ट्रिज कागदाची वही एवढे पुरते. पेन्सिल शार्पनरऐवजी कटरने तासावी आणि शिसे बोटाच्या पेरभर उघडे ठेवावे, म्हणजे टोकाने बारीक रेषा आणि शिसे आडवे धरून रुंद छटा ही दोन्ही कामे एकाच पेन्सिलीने होतात. पेन्सिल लिहिताना धरतो तशी टोकाजवळ न धरता थोडी मागे धरावी, जेणेकरून रेषा बोटांऐवजी मनगटातून आणि कोपरातून येईल.

खोडरबर सुरुवातीला घरीच ठेवावे. चुकलेली रेषा पुसली की चूकही नजरेआड होते आणि पुढची रेषा पुन्हा तेथेच पडते. ती तशीच ठेवून शेजारी दुसरी, अधिक बरोबर रेषा काढली, तर नजर कोठे फसली हे कागदावर नोंदले जाते. रेम्ब्रांटने आपली वाग्दत्त वधू सास्किया हिचे एक छोटे चित्र ८ जून १६३३ रोजी, वाङ्निश्चयानंतर तिसऱ्या दिवशी, चर्मपत्रावर चांदीच्या टोकाने काढले. या साधनाची रेषा पेन्सिलीसारखी सहज पुसता येत नाही. रुंद काठाची गवती टोपी घातलेली सास्किया गालाला हात टेकून बसली आहे आणि दुसऱ्या हातात फूल आहे. टोपीचा काठ, डोक्याचा कल आणि गालाला टेकलेला हात या तीन गोष्टींनी चित्र तोलून धरले आहे, आणि चेहऱ्यावर मात्र मोजक्याच रेषा आहेत. हे चित्र आज बर्लिनच्या संग्रहात आहे. त्याची छापील किंवा संगणकावरील प्रत समोर ठेवून एकदा शांतपणे पाहावी.

पहिली पायरी: पेन्सिल टेकवण्याआधी पाहणे

समोरच्या व्यक्तीकडे पाहताना डोळे किलकिले करावेत. पापण्या अर्ध्या मिटल्या की तपशील पुसट होतात आणि उजेड व सावली यांचे दोनतीन मोठे तुकडे उरतात. मग स्वतःला तीन प्रश्न विचारावेत: डोके कोणत्या बाजूला कलले आहे, प्रकाश कोठून येतो आहे, आणि डोके, मान व खांदे यांचा मिळून एकच बाह्याकार काढायचा झाला तर तो कसा असेल? उत्तरे सापडेपर्यंत कागदाला हात लावू नये. दोन मिनिटांच्या रेखाटनातली पंधरा-वीस सेकंदे पाहण्यात गेली तर ती वाया गेली असे नवशिक्याला वाटते, पण प्रत्यक्षात पुढची सारी घाई त्याच सेकंदांत वाचते.

दुसरी पायरी: चेहऱ्याआधी डोके, मान आणि खांदे

पहिली रेषा मानेची असावी. कानामागून निघून खांद्याच्या टोकापर्यंत जाणारी ही रेषा माणसाच्या वयाबद्दल, थकव्याबद्दल आणि स्वभावाबद्दल बरेच सांगते. डोके खांद्यांच्या बरोबर वर ठेवून बसणारा माणूस आणि मान पुढे काढून बसणारा माणूस यांचे नाक-डोळे उद्या सारखे असले, तरी त्यांना ओळखणारा माणूस दुरूनच, पाठमोरे असतानाही, त्यांना वेगळे ओळखतो. झटपट रेखाटनातून व्यक्तिचित्राविषयी कळणारी पहिली आणि माझ्या मते सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे.

मानेनंतर डोक्याचा पूर्ण घाट काढावा, केसांखालच्या कवटीसकट. नवशिक्यांच्या चित्रांत कवटी हमखास लहान पडते, कारण सारे लक्ष चेहऱ्यावर असते आणि डोक्याचा वरचा व मागचा भाग उरकला जातो. बाजूने दिसणाऱ्या डोक्यात हा दोष फारच ठळक होतो. त्यावर एक सोपी पडताळणी अशी की, डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून हनुवटीच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर आणि त्याच कोपऱ्यापासून कानाच्या मागच्या कडेपर्यंतचे अंतर बहुतेक प्रौढ व्यक्तींत जवळपास सारखे भरते. कान चेहऱ्याच्या फार जवळ आला असेल, तर हे माप घेताच चूक सापडते.

तिसरी पायरी: अक्ष आणि खुणा

आता चेहऱ्याच्या मधोमध, कपाळापासून हनुवटीपर्यंत, एक हलकी रेषा ओढावी आणि तिला छेदणारी डोळ्यांची रेषा काढावी. समोरून पाहिले असता डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात, हे वाचून माहीत असूनही हात त्यांना वर चढवतो आणि कपाळ आखूड होते. केसांची सुरुवात ते भुवया, भुवया ते नाकाचा तळ आणि नाकाचा तळ ते हनुवटी हे तीन भाग ढोबळमानाने सारखे धरले जातात, कान भुवयांपासून नाकाच्या तळापर्यंत पसरलेला असतो, आणि दोन डोळ्यांमध्ये साधारण एका डोळ्याइतकी जागा असते. ही प्रमाणे पाठ करावीत, पण ती सरासरीची आहेत हे विसरू नये. समोरची व्यक्ती या सरासरीपासून जेथे ढळते, तेथेच तिचे साम्य दडलेले असते. म्हणून रेखाटताना मनात प्रश्न असावा तो हा: या माणसात काय सरासरीपेक्षा लांब आहे, काय आखूड आहे आणि काय अधिक जवळ आले आहे? मारिओ मिरांडा यांनी गोव्यातल्या लोटली गावी तरुणपणी लिहिलेल्या सचित्र रोजनिशा याच दृष्टीने पाहाव्यात. त्यांचा मार्ग पुढे व्यंगचित्राचा असला, तरी गावातल्या माणसांमधला नेमका फरक हेरणारी त्यांची नजर व्यक्तिचित्रकाराच्याही उपयोगाची आहे.

मध्यरेषा सापडत नसेल तर आपल्याकडच्या माणसांचा पेहराव मोठी मदत करतो. कपाळावरचे कुंकू किंवा टिकली चेहऱ्याच्या अक्षावर असते. ती आणि हनुवटीचा मध्य यांना जोडले की डोके किती वळले आहे आणि किती कलले आहे हे एका रेषेत कळते. गांधी टोपीचे काम त्याहून मोठे आहे. एसटीच्या बाकावर डुलकी घेणारे आजोबा डोळ्यांपुढे आणावेत. मान पुढे झुकली आहे, त्यामुळे टोपीची खालची कड कपाळावर खाली बाक घेते, कान डोळ्यांच्या मानाने वर चढलेले दिसतात, नाक ओठांवर आल्यासारखे भासते आणि हनुवटी सदऱ्याच्या गळपट्टीत शिरते. हेच आजोबा मान मागे टाकून झोपले, तर टोपीची कड वर बाक घेते, कान खाली उतरतात, नाकपुड्या दिसू लागतात आणि जबड्याची खालची बाजू उघडी पडते. टोपीची ती एक वक्ररेषा बरोबर पडली की भुवयांची, डोळ्यांची आणि ओठांची रेषा तिच्याच वळणाने काढायची असते. फेट्याची खालची कड, चष्म्याची चौकट, आवळून बांधलेला रुमाल यांचाही असाच उपयोग होतो.

चौथी पायरी: सावलीचा आकार

डोळा म्हणजे बदामाच्या आकाराची बाह्यरेषा ही शाळेपासूनची समजूत येथे अडसर ठरते. चारपाच पावलांवरून पाहिले तर माणसाचा डोळा क्वचितच रेषेने दिसतो. दिसतो तो भुवईखालचा काळोखा खळगा, वरच्या पापणीची गडद कड आणि कधीतरी एक प्रकाशबिंदू. म्हणून पेन्सिल आडवी धरून डोळ्याची खोबण, नाकाची सावलीकडची बाजू, खालच्या ओठाखालचा खळगा आणि हनुवटीखालची मान हे भाग शक्य तेथे एकमेकांना जोडून एकाच छटेत भरावेत. या जोडलेल्या सावलीत नंतर दोनतीन गडद ठिपके योग्य जागी पडले की चेहरा आपोआप पुढे येतो. बोटाने छटा घासून गुळगुळीत करण्याचा मोह आवरावा, कारण घासलेल्या छटेत पृष्ठभागांची दिशा हरवते.

पाचवी पायरी: कोठे थांबायचे

एका रेखाटनात एकच जागा नेमकी करावी आणि बाकीचे सूचित ठेवावे. फ्रेंच चित्रकार आंग्र याची पेन्सिल व्यक्तिचित्रे या बाबतीत आदर्श आहेत. १८१५ साली नेपोलियनचा पाडाव झाल्यावर रोममधले त्याचे फ्रेंच आश्रयदाते पांगले आणि त्याने शहरात येणाऱ्या परदेशी प्रवाशांची पेन्सिलीने व्यक्तिचित्रे काढून चरितार्थ चालवला. १८१९ साली त्याने काढलेले व्हायोलिनवादक पागानिनी याचे चित्र आज लूव्र संग्रहालयात आहे. त्यात चेहरा अतिशय नाजूक छटांनी पूर्ण केलेला आहे, तर अंगरखा मोजक्या, वेगवान रेषांत मांडला आहे. ही चित्रे झटपट म्हणता येणार नाहीत, पण पाहणाऱ्याने कोठे थांबावे आणि कोठून पुढे सरकावे हे तपशिलाच्या वाटणीतून कसे ठरते, हे त्यांच्याइतके स्पष्ट क्वचितच दिसते. नवशिक्याने आज फक्त कान आणि जबडा, उद्या फक्त डोळ्यांच्या खोबणी अशी निवड करून पाहावी.

वेळ आधीच ठरवून घ्यावी. सुरुवातीला पाच मिनिटे, मग दोन, मग तीस सेकंद. मोबाइलचा गजर वाजला की पेन्सिल उचलावी, चित्र अर्धे असले तरी. तीस सेकंदांत जे कागदावर आले, तेवढेच आपल्याला खरोखर महत्त्वाचे वाटले होते असे समजावे आणि ते योग्य होते का हे तपासावे.

माणसे कोठे मिळतील

लोकल, एसटी स्थानक, बँकेतली रांग, मंदिरातले कीर्तन, वाचनालय, लग्नातली जेवणाची पंगत. जेथे माणूस काही काळ एका जागी असतो, ती प्रत्येक जागा चांगली. झोपलेले, वाचणारे आणि मोबाइलमध्ये गुंतलेले लोक नवशिक्यासाठी सर्वांत सोयीचे. मात्र अनोळखी व्यक्तीकडे टक लावून पाहू नये. कोणी विचारले तर वही दाखवावी, आणि आवडले नाही असे दिसले तर तेथेच थांबावे. लहान मुलांना रेखाटायचे असेल तर सोबतच्या मोठ्यांना विचारणे हे कर्तव्यच मानावे. घरातल्या माणसांचा कंटाळा करू नये. तीच आई भाजी निवडताना, फोनवर बोलताना आणि दुपारी आडवी झालेली असताना रेखाटली, तर चेहरा एकच असून तीन निराळी माणसे कागदावर उतरतात, आणि त्या तिघींत समान काय आहे हे शोधणे म्हणजेच व्यक्तिचित्रण.

मोबाइलवर फोटो काढून त्यावरून रेखाटावे का, असा प्रश्न हमखास येतो. सुरुवातीला तरी तसे करू नये. जवळून काढलेल्या फोटोत कॅमेऱ्यापुढे येणारे नाक मोठे आणि कान लहान व मागे गेलेले दिसतात. शिवाय फोटोने क्षण आधीच निवडलेला असतो. प्रत्यक्ष माणूस हलतो, मान वळवतो, पुन्हा पूर्वीच्या स्थितीत येतो, आणि तो पुन्हा पुन्हा ज्या स्थितीकडे परततो ती त्याची खरी ढब असते. ती हेरण्याचा सराव फोटोवरून होत नाही.

स्मरणाचा सराव

आठवड्यातून एकदा, दिवसा पाहिलेला एखादा चेहरा रात्री आठवून काढावा. परीक्षेतल्या स्मरणचित्रात आपण प्रसंग काढत होतो, येथे एकच डोके काढायचे आहे. आठवणीतून काढताना तपशील गळून जातात आणि उरते ते नेमके आपल्या नजरेने टिपलेले वैशिष्ट्य. दुसऱ्या दिवशी तीच व्यक्ती दिसली, तर चित्र पडताळून पाहावे. चूक बहुधा अंतरांत असते.

जाणत्यांची रेखाटने वाचावी कशी

रेखाटनाचा सराव सुरू झाल्यावरच मोठ्या चित्रकारांची रेखाटने खरी बोलू लागतात. जर्मन चित्रकार धाकटा हान्स होल्बाइन १५२६ ते १५२८ आणि पुन्हा १५३२ पासून इंग्लंडमध्ये होता. त्या काळात त्याने केलेली रंगीत खडूची अनेक रेखाटने ब्रिटिश राजघराण्याच्या विंडसर येथील संग्रहात आहेत. ती पेन्सिलीची नाहीत, पण व्यक्तिचित्राची तयारी कशी होते हे त्यांतून समजते. चेहऱ्यावर त्याने पुरेसा वेळ दिला आहे, तर पोशाख थोड्या रेषांत आटोपून कापड कोणते आणि रंग कोणता हे काही चित्रांवर शब्दांत लिहून ठेवले आहे. बैठकीत माणूस समोर असताना काय टिपायचे आणि नंतर कार्यशाळेत काय पूर्ण करता येईल, याचा हिशोब त्याने आधीच केलेला दिसतो. सर टॉमस मोर यांच्या एका रेखाटनाच्या रेषांवर टोचलेली बारीक छिद्रे आहेत, कारण त्यांतून पूड दाबून आकार फलकावर उतरवला जाई. नवशिक्यानेही बैठकीच्या वेळी हाच क्रम पाळावा: चेहऱ्याची अंतरे आणि मानेचा कल समोरून, साडीचा काठ व रंग समासात लिहून.

आपल्याकडे महादेव विश्वनाथ धुरंधर यांचे काम अवश्य पाहावे. १८६७ साली कोल्हापुरात जन्मलेल्या धुरंधरांनी मुंबईच्या सर ज. जी. कला शाळेत आधी शिक्षण घेतले आणि पुढे तेथेच दीर्घकाळ अध्यापन केले. मुंबईतल्या नाना जातीजमातींची, व्यवसायांची आणि पोशाखांची माणसे त्यांनी काढली. त्यांच्या चित्रांतला माणूस चेहरा न्याहाळण्याआधीच उभे राहण्याच्या पद्धतीवरून, ओझे पेलण्याच्या लकबीवरून आणि पदर घेण्याच्या ढबीवरून ओळखू येतो. गोव्यातल्या वाचकांना पणजीच्या फुंदासाव ओरिएंत या पोर्तुगीज सांस्कृतिक संस्थेत आंतोनियु शावियेर त्रिंदाद यांची चित्रे पाहता येतील. त्रिंदाद यांच्या तैलचित्रांसमोर उभे राहून त्यांतले डोके आपल्या वहीत दोन मिनिटांत उतरवून पाहावे, म्हणजे रंगाखालची मांडणी हाताला कळते.

मुंबई, पुणे, कोल्हापूर येथे व्यक्तिचित्रांची प्रात्यक्षिके होतात. वासुदेव कामत यांच्यासारखे ज्येष्ठ चित्रकार प्रेक्षकांसमोर जिवंत मॉडेलवरून व्यक्तिचित्र करतात. अशा वेळी पुष्कळ जण उशिरा येतात आणि शेवटचे हात पाहतात. नवशिक्याने मात्र पहिली दहा मिनिटे चुकवू नयेत, कारण डोके कागदावर किंवा कॅनव्हासवर कोठे बसवले, पहिली खूण कशाची केली आणि किती वेळ नुसते पाहण्यात घालवला, हे तेव्हाच दिसते.

रेखाटनापासून पूर्ण चित्रापर्यंत

एखाद्या व्यक्तीचे मोठे चित्र करायचे ठरले की तिची किमान चारपाच झटपट रेखाटने वेगवेगळ्या स्थितींत करावीत आणि ती एका ओळीत मांडून पाहावीत. बैठकीत तासभर बसलेल्या माणसाचा चेहरा हळूहळू सैल पडतो आणि हसू तर काही सेकंदांपलीकडे टिकत नाही. त्यामुळे केवळ लांब बैठकीवर विसंबलेले चित्र अनेकदा कंटाळलेल्या माणसाचे होते. पहिल्या मिनिटांत टिपलेला मानेचा कल आणि जिवणीची ठेवण या रेखाटनांत सुरक्षित असते. निवडलेले रेखाटन मोठे करताना चौकटी आखून ते जसेच्या तसे उतरवण्यापेक्षा, ते शेजारी ठेवून मोठ्या कागदावर नव्याने काढावे. चौकटींतून अंतरे बरोबर येतात, पण रेषेचा वेग जातो. रंगवताना चित्र बिघडल्यासारखे वाटू लागले, तर ओठ आणि डोळे दुरुस्त करत बसू नये. मूळ रेखाटन चित्राशेजारी धरून आधी मानेची रेषा, मग डोक्याचा कल, मग डोळ्यांची रेषा या क्रमाने तुलना करावी. बिघाड बहुतेक वेळा पहिल्या दोहोंतच सापडतो.

वहीच्या प्रत्येक पानावर तारीख, ठिकाण आणि लागलेला वेळ लिहावा. ४बीची छटा समोरच्या पानावर उमटते, म्हणून मध्ये बटर पेपर ठेवावा किंवा छटा कागदावर पक्की करणाऱ्या फिक्सेटिव्हचा हलका फवारा मोकळ्या हवेत मारावा. फसलेली पाने फाडू नयेत. दोनतीन महिन्यांनी त्यांतलीच काही पाने काढून पाहावीत आणि प्रत्येकावर लाल पेन्सिलीने डोळ्यांची खरी रेषा आणि कानाची खरी जागा आखावी.